चौकोनी खांबांची कैफियत

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय छापलाय ‘सेंट-एटिएन : एका फ्रेंच फुटबॉल संघाची जडणघडण’. फ्रेंच माणूस ‘सँतेत्येन’ असं काहीतरी नाकातून म्हणतो. आपल्याला सर्दी नाही, आपण सेंट-एटिएनच म्हणू. (हशा.) जडणघडण सांगणार आहेच, पण शाल-श्रीफळात पंचवीस मिनिटं गेलीत. तेव्हा आधी खांबांचं बोलून घेतो. ते राहिलं तर मला रात्री झोप लागायची नाही.

12 मे 1976. ग्लासगोचं हॅम्पडेन पार्क. युरोपियन कपची, म्हणजे युरोपातल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची फायनल, सेंट-एटिएनसमोर जर्मनीचा बायर्न म्युनिक. पहिल्या अर्धात आपल्या बाथनेनं लांबून असा फटका हाणला की बायर्नचा गोलकीपर सेप मायर नुसता बघत राहिला. चेंडू आडव्या बारला लागून परत. पाचेक मिनिटांनी सान्तिनीचं हेडर. पुन्हा बार, पुन्हा परत. उत्तरार्धात बायर्नच्या रॉटनं फ्री किकवर गोल केला आणि सामना 1-0 असा संपला.

आता गंमत अशी, की हॅम्पडेनचे खांब आणि बार गोल नव्हते, चौकोनी होते. त्या रात्रीपासून अख्खा फ्रान्स एकच पालुपद आळवतोय : ‘ले पोतो कारे’, म्हणजे चौकोनी खांब. बार गोल असता तर गोल झाला असता! हा श्लेष फक्त मराठीत होतो, फ्रेंचांना तेवढंही सुख नाही.

पहिल्या रांगेतल्या बाळाच्या हातात टेनिसचा चेंडू दिसतोय. दे रे जरा. हे बघा, या टेबलाची उभी फळी म्हणजे चौकोनी बार. सरळ मारला, सरळ माझ्या हातात आला. आता हा तांब्या म्हणजे गोल बार. पोटाच्या जरा खाली मारतो... गेला! बघितलंत? खाली वळून पलीकडे गेला. (हशा.) तांब्यात पाणी आहे हे कोणी सांगितलं नाही. अध्यक्षांचं धोतर... माफ करा. पण सिद्धांत कळला ना?

आणि आता माझं म्हणणं ऐका. हा सिद्धांत थोतांड आहे. तोच चेंडू तांब्याच्या वरच्या अंगाला लागला असता तर त्या शेवटच्या रांगेत गेला असता. गोल बार चेंडू आतच ढकलेल अशी हमी कोणी दिली? शिवाय सुरुवातीलाच गेर्ड म्युलरनं मारलेला गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. चित्रफितीत बघा, तो ऑफसाइड नव्हता. हे मात्र सेंट-एटिएनमध्ये कोणी काढत नाही. आणि सेंट-एटिएनचा रोशतो, लांब केसांचा, पोरींच्या भिंतीवर ज्याचे फोटो असायचे तो, दुखापतीमुळे मैदानात उतरला तो 82व्या मिनिटाला. हरले ते तिथे. खांब बिचारे निर्दोष आहेत.

तरी पुढचं ऐका. हरलेला संघ पॅरिसला परतला, तर शाँझ-एलिझे या तिथल्या राजरस्त्यावर मिरवणूक! राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ भेटायला! आपल्याकडे हरून आल्यावर विमानतळाच्या मागच्या दारानं बाहेर काढतात. आणि 2013 साली या क्लबनं तेच चौकोनी खांब स्कॉटलंडमधून विकत आणून स्वतःच्या संग्रहालयात मांडले. ज्या दगडाला ठेच लागली तोच आणून देव्हाऱ्यात ठेवायचा!

मूळ मुद्दा... हो, चिठ्ठी मिळाली, दहा मिनिटं. त्यात एक टॅक्सीची गोष्ट बसवतोच.

1967. मालीचा सलिफ केइता. एक लेबनानी व्यापारी क्लबला पत्रं पाठवायचा, की या पोराला घ्याच. पोरगा पॅरिसला उतरला तो एका विमानतळावर, क्लबची माणसं थांबलेली दुसऱ्या. यानं टॅक्सी केली आणि सांगितलं, सेंट-एटिएन. पाचशे किलोमीटर! आपल्याकडे दादर स्टेशनवरून शिवाजी पार्क म्हटलं तरी मान हलते. (हशा.) भाडं अर्थात क्लबनं भरलं, आणि त्याइतका वसूल झालेला खर्च फुटबॉलमध्ये क्वचित सापडेल. 1970-71च्या मोसमात लीगमध्ये 42 गोल! आफ्रिकेचा पहिला सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच.

आता जडणघडण. भराभर सांगतो.

कोळशाच्या खाणी, बंदुका, सायकली आणि रिबिनी यांचं हे गाव. क्लब काढला किराणा दुकानांच्या नोकरांनी. जोफ्रुआ गिशार या वाण्याचं दुकान जुन्या कसिनोच्या इमारतीत होतं, म्हणून कंपनीचं नाव कसिनो. 1919 साली नोकरांचं क्रीडामंडळ निघालं. फेडरेशन म्हणालं, क्लबला दुकानाचं नाव चालणार नाही. वाणीच ते! त्यांनी कसिनोच्या ‘सी’चा क्लब केला, आद्याक्षरं तीच राहिली. दुकानाचा हिरवा रंग सदऱ्यावर आला, तो आजही आहे. स्टेडियमला गिशारचंच नाव, पण लोक म्हणतात ‘कढई’. आपल्याकडे महिंद्रासारख्या कंपनीचा संघ 2010 साली बंद झाला. तिथे दुकानाच्या संघाचा गावाचा संघ झाला. यावर तासभर बोलता येईल. बोलत नाही.

1957 ते 1981, फ्रेंच लीगची दहा विजेतेपदं. मेखलूफीसारखा अल्जीरियन 1958 साली वर्ल्ड कपच्या तोंडावर, फ्रेंच सैन्यात असतानाच, गुपचूप निघून अल्जीरियाच्या स्वातंत्र्य चळवळीच्या संघात गेला. 1962 साली परतला, आणि 1968च्या फ्रेंच कपच्या फायनलमध्ये संघाचे दोन्ही गोल त्याचेच. चषक द्यायला होते राष्ट्राध्यक्ष द गॉल!

सत्तरीच्या सुरुवातीला मोठी नावं मार्सेल क्लबला गेली, केइताही गेला. 1972 साली क्लबचाच जुना खेळाडू एर्बँ तेहतिसाव्या वर्षी प्रशिक्षक झाला. त्यानं काय केलं? 1970 साली ज्युनियरांचा गाम्बार्डेला कप जिंकलेली घरची पोरं वर काढली. बाहेरून मोजके आणले : गोलकीपर चुर्कोविच युगोस्लाव्हियाचा, बचावात पियात्सा अर्जेंटिनाचा. कर्णधार लार्के, रेवेली बंधू, जान्व्हियों, लोपेझ, बाथने, सारामान्या, हे सगळे इथे मुरलेले. त्याच 1976च्या युरोपियन कपमध्ये डायनामो कीव्हकडून 0-2 हरून आले आणि घरी जादा वेळेत 3-0 मारले, ते याच पोरांनी. जोडी जमायला वर्षं लागतात, ती विकत मिळत नाही.

नंतर विकत घ्यायला लागले. 1979 साली फ्रान्सचा तारा प्लातिनी आला, हॉलंडचा रेप आला. 1981चं विजेतेपद आलं हे खरं, पण 1982 साली खेळाडूंना वरकड द्यायचा काळा पैसा बाहेर पडला, क्लबचे अध्यक्ष रोशे यांना पद सोडावं लागलं, आणि 1984 साली संघ खालच्या डिव्हिजनला. आता पोरं अजूनही तयार होतात, पण कैरी असतानाच उतरवतात : सालिबा इंग्लंडच्या आर्सेनलला, फोफाना तिथल्याच लेस्टरला. 2022 साली खाली, 2024 साली वर आणि मालक कॅनडाचा, 2025 साली पुन्हा खाली.

झाली वाटतं दुसरी घंटा. सध्याच्या संघाचं राहिलंच, ते चहाच्या वेळी विचारा. आणि बाळ, तुझा चेंडू अध्यक्षांच्या खुर्चीखाली आहे.