चारात पाच

नमस्कार श्रोतेहो. आज ऐकायचाय फिलिप ग्लास या अमेरिकन संगीतकाराचा कॉन्चेर्तो, १९९५ सालचा. राशर सॅक्सोफोन चौकडीसाठी लिहिलेला. समोर चार सॅक्सोफोन, मागे अख्खा ऑर्केस्ट्रा. या संगीताला मिनिमलिस्ट म्हणतात, म्हणजे थोडक्या सुरांचं. एक छोटा तुकडा असतो. तो पुन्हा येतो, आणि येता येता बदलतो. एवढं ध्यानात ठेवा: पुन्हा येतो, आणि येता येता बदलतो.

मला हे कळलं ते आपल्या बडोद्याच्या दांडिया बाजारात, आमच्या गॅलरीत. मी दहा-अकरा वर्षांची असेन. विसर्जनाची मिरवणूक सुरसागर तलावाकडे निघालेली, ती घराखालीच अडकली. पुढच्या गणपतीचा मुकुट विजेच्या तारांना लागत होता. अर्धा तास गेला. बँडवाल्यांची गाणी संपली, ट्रम्पेटवाले ओट्यावर टेकले. उभे राहिले दोघंच, ढोलवाला आणि एक म्हातारा सॅक्सोफोनवाला. त्याच्या सॅक्सोफोनची एक चावी रबराने बांधलेली, वरूनसुद्धा दिसत होती. त्यानं रीड जिभेनं ओली केली आणि ग रे सा नी, चार सुरांचा तुकडा धरला. ढोल चाराच्याच चालीत. बराच वेळ तेच ते. मग त्यानं हळूच एक सूर वाढवला. तुकडा झाला पाचाचा, ढोल चारातच. झालं, दोघांची सुरुवात एकमेकांपासून सरकायला लागली.

बाबा तबला वाजवायचे. कठड्यावर बोटं टेकवून म्हणाले, "मोज. वीस झाले की भेटतील."

मी मोजलं. अठरा, एकोणीस, वीस, आणि पुढच्या ठोक्याला दोघं बरोब्बर एकत्र! बाबांनी कठड्यावर थाप मारली. पुन्हा सरकले, पुन्हा वीस, पुन्हा भेट. खालची ढकलाढकली थांबली होती. पोरांनी बांबूने तारा उचलल्या, गणपती पुढे गेला, तरी त्यानं तुकडा सोडला नाही. वाजवत वाजवत वळणापलीकडे गेला.

आता मिरवणुकीत डीजे असतो. छाती धडधडते, पण मोजावं असं काही हाती लागत नाही. बँडला पुन्हा सुपारी द्या हो, मी भेटेल त्याला हेच सांगते.

असो. ग्लास यांनाही मात्रांचा हा हिशेब आपल्याकडूनच उमगला. १९६० च्या दशकात पॅरिसमध्ये ते रविशंकरांचं चित्रपटसंगीत तिकडच्या वादकांसाठी नोटेशनमध्ये उतरवत होते. तबल्याला अल्लारखाँ. आघात चुकीच्या जागी पडतायत, असं खाँसाहेब सांगत राहिले. शेवटी ग्लास यांनी मात्रांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघाच पुसून टाकल्या, आणि सलग आवर्तन समोर आलं.

तर आता पहिला भाग. सॅक्सोफोनचा तुकडा कानानं धरा, बोटांवर मोजत राहा. पुन्हा येतो, आणि येता येता बदलतो. लावते.