मरी: माल उतरवून घेणारे गाव

श्रोतेहो, नमस्कार.

दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेड शहराच्या उत्तरेस साडेपाचशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, शेतीचा पट्टा संपून ओसाड माळ सुरू झाल्यावर, मरी नावाचे एक गाव लागते. नाव ऐकून आपल्याला मरीआई आठवेल, पण तिचा या गावाशी काही संबंध नाही. वस्ती शंभराच्या आतबाहेर असली, तरी बर्ड्सव्हिल आणि ऊडनाडाटा या दोन प्रसिद्ध वाळवंटी वाटा याच गावातून फुटतात आणि येथे पोहोचलेल्या प्रत्येकाला पुढच्या प्रवासाची वेगळी सोय पाहावी लागते. या गावाचे पोट भरले ते त्यावरच.

ही भूमी मुळात अरबाना लोकांची. त्यांचा हक्क न्यायालयाने 2012 साली मान्य केला. 1859 मध्ये जॉन मॅकडुअल स्टुअर्ट यांच्या शोधमोहिमेतील हेरगॉट नावाच्या जर्मन गृहस्थाला येथे पाण्याचे झरे दिसले आणि वस्तीला त्याचे नाव मिळाले. पहिल्या महायुद्धात जर्मन नावे डोळ्यांत खुपू लागल्यावर, 1918 साली, ते पुसून ‘मरी’ हे नाव देण्यात आले.

रेल्वे येथे 1884 साली पोहोचली. तिच्यापुढे काही वर्षे रूळच नव्हते, त्यामुळे डब्यांतून उतरलेले पीठ, चहा, साखर, लोखंडी तारा आणि पत्रे उंटांच्या पाठीवर चढत, आणि परतीला हेच उंट दूरच्या मेंढपाळ ठाण्यांवरून लोकरीच्या गासड्या आणून रेल्वेच्या हवाली करत. हे उंट हाकणारे लोक बलुचिस्तान, पेशावर, सिंध, पंजाब अशा निरनिराळ्या मुलखांतून आलेले होते. ऑस्ट्रेलियात मात्र सरसकट सगळ्यांना ‘अफगाण’ म्हटले गेले. 1866 साली टॉमस एल्डर या धनाढ्य व्यापाऱ्याने शंभराहून अधिक उंट आणि त्यांच्यासोबत 31 उंटवाले ज्या कराची बंदरातून नेले, त्याचा कारभार तेव्हा मुंबई इलाख्याकडे होता, ही गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही.

गावाच्या मधोमध रूळ होते. एका बाजूला गोऱ्यांची घरे, दुकाने आणि 1883 साली बांधलेले दुमजली हॉटेल. दुसऱ्या बाजूला उंटवाल्यांची आणि आदिवासींची वस्ती. तिकडे मातीच्या भिंतींची, गवताने शाकारलेली एक छोटी मशीद होती आणि वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी, तिच्यासमोर पाण्याचे कुंड खणलेले होते. ज्यांच्या पाठबळावाचून गोऱ्यांच्या हॉटेलात पिठाचे पोतेही पोहोचले नसते, त्यांनाच नागरिकत्व नाकारण्यात आले आणि मायदेशातून बायका आणणेही जवळजवळ अशक्य झाले. त्यांपैकी अनेकांनी आदिवासी स्त्रियांशी लग्ने केली आणि गावाची आजची ओळख बऱ्याच अंशी त्या घरांतून आली.

त्यांच्यातील बेजाह दरवेश यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे. बलुचिस्तानात जन्मलेले बेजाह हिंदुस्थानी सैन्यात नोकरी करून ऑस्ट्रेलियात आले. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा अज्ञात मुलूख धुंडाळणाऱ्या 1896 च्या कॅल्व्हर्ट मोहिमेत दोन गोरे सहकारी वाळवंटात तहानेने मरण पावले; बेजाह यांनी उंट सांभाळत इतरांना साथ दिली, आणि मोहिमेचे प्रमुख लॉरेन्स वेल्स यांनी आपले होकायंत्र त्यांना भेट दिले. पुढे ते मरीतच राहिले आणि 1957 साली वारले.

मोटारी आल्या तसे उंट निरुपयोगी ठरले. 1925 च्या एका कायद्याने मोकाट उंट गोळ्या घालून मारण्याची मुभा दिली, तेव्हा अनेक मालकांनी स्वतःच्या हातांनी मारण्यापेक्षा आपली जनावरे रानात सोडून दिली. 1936 पासून टॉम क्रूझ हे मरीहून बर्ड्सव्हिलपर्यंत पाचशेहून अधिक किलोमीटर टपाल नेऊ लागले. वाळूत चाके रुतली, की ते लोखंडी पत्रे अंथरून ट्रक त्यांवरून पुढे काढत, मागचे पत्रे उचलून पुन्हा पुढे टाकत. कूपर नदीला पूर आला, तर टपाल होडीतून पलीकडे जाई.

1957 मध्ये दक्षिणेकडून मरीपर्यंत रुंद रूळ आले आणि उत्तरेचे साडेतीन फुटी रूळ तसेच राहिले. म्हणून उतारू आणि गुरे यांना येथे गाडी बदलणे भाग पडले. गावाला याचे दुःख असण्याचे कारण नव्हते, कारण या अडचणीवरच अनेकांचा रोजगार उभा होता. 1980 साली उत्तरेकडे जाणारी ‘घान’ ही प्रवासी गाडी मरीला वगळून पश्चिमेच्या नव्या मार्गाने जाऊ लागली आणि हा रोजगार संपला. जुनी इंजिने मात्र अजून गावात उभी आहेत.

आता जुलै महिन्यात येथे उंटांच्या शर्यती होतात. आयर सरोवर, म्हणजेच काटी थांडा, क्वचितच भरते, तरी त्याचा नौकाविहार क्लब याच कोरड्या गावात आहे. पाणी आल्याची बातमी पसरली, की शेकडो किलोमीटर गाडी हाकत आलेले पर्यटक धावपट्टीशी आपली वाहने उभी करतात आणि सरोवर पाहण्यासाठी छोट्या विमानात चढतात.