भट्टीवरची लेकरं

(दृश्य: पहाट, वीटभट्टी)

दिवाळी आटोपली की नागपूर-वर्ध्याकडच्या भट्ट्यांवर छत्तीसगडची कुटुंबं उतरतात. उचल गावातच घेतलेली. ती फिटायची म्हणजे मुक्काम पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. या बाईचे हात पाहा. चिखलाचा गोळा रेतीत घोळवला, साच्यात आपटला, वरचा चिखल काढला, साचा उलटा केला. वीट पडली. मजुरी हजार विटांमागे, म्हणून नवरा चिखल तुडवतो, मोठी पोरगी सुकत्या विटा उभ्या करते आणि धाकटी झोपडीत आज्याजवळ.

(दृश्य: झोपडीच्या आत)

कच्च्या-पक्क्या विटा नुसत्या रचून केलेली झोपडी. वर टिनपत्रा, खिडकी नाही. ऐकू येतोय तो आज्याचा खोकला. आवाज आम्ही मुद्दाम कमी केलेला नाही. टीबी असाच पसरतो: खोकणारा मोठा माणूस, कोंडलेली हवा, शेजारी लहान मूल. पाचाच्या आतल्या लेकरात तो रक्तावाटे मेंदूच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. सुरुवातीला बारीक ताप, चिडचिड, उलट्या. खेळतं लेकरू पडून राहायला लागतं. तापाच्या औषधाच्या बाटल्यांत आठवडे जातात. मग डोळा तिरळा होतो, मान ताठते, झटके येतात.

(दृश्य: लसीकरणाचं कार्ड)

बीसीजीचा रकाना कोरा आहे. ही लस टीबी पूर्ण थांबवत नाही, पण मेंदूच्या टीबीपासून लहान मुलांना चांगलं संरक्षण देते. जन्मतःच देतात, राहिली तर वर्षाच्या आत. धाकटी जन्मली भट्टीवर. तिकडच्या गावानं धरलं, बाई बाहेरगावी. इकडच्या गावाच्या यादीत भट्टीच नाही. लस काही महाग नव्हती हो, मोफतच आहे.

(दृश्य: रुग्णालय, गोळ्यांची पाकिटं)

धाकटीच्या पाठीतलं पाणी तपासायला काढताना कॅमेरा बाहेर होता. उपचार वर्षभर, पहिले दोन महिने चार औषधं, सोबत स्टेरॉइड. उपचार मिळूनही साधारण पाचातलं एक मूल दगावतं, वाचलेल्यांतल्या निम्म्याहून अधिकांना कसलं ना कसलं अपंगत्व राहतं. जूनमध्ये भट्टी बंद होईल. निक्षय या सरकारी टीबी-नोंदणी पोर्टलवरची नोंद तिकडच्या जिल्ह्यात वळवता येते, निघण्याआधी कुणी कळवलं तर.

(दृश्य: आशाताई, थुंकीची डबी)

आज्याची थुंकी आता तपासायला निघाली आहे. त्याच झोपडीत चुलत्याची दोन लहान लेकरं झोपतात. त्यांना टीबी नाही याची खात्री झाली की प्रतिबंधक औषध सुरू होईल. बाकीच्या झोपड्यांत लेकरं किती, ते मुकादमाच्या वहीत.

“मुकादम म्हन्ते, यादी उद्या देतो,” आशाताई सांगतात.