वाऱ्याच्या आड

नमस्कार मंडळी. आत्ता ऐकून राह्यलेल्यांपैकी कोणी गोठ्यात असेल, कोणी मोटर चालू करून धुऱ्यावर बसलं असेल, कोणी दुकानाचं शटर वर करत असेल. मी पण तुमच्यातलाच. अचलपूर तालुक्यात चार एकर वावर आहे, दोन एकर संत्रा, बाकी कापूस आणि तूर, आणि गेली तीन वर्षं मी सायकलच्या रेसमधे उतरतो. कोणी पगार देत नाही, कोण्या टीमचा शर्ट नाही, हौस आहे, पण हौस म्हटलं की लोकांना टाइमपास वाटतो, तसं बिलकुल नाही, मी यात जीव ओतलेला आहे. आज मला गेल्या सीझनबद्दल बोलायचंय आणि त्यातल्या त्यात वाऱ्याबद्दल.

पहिली रेस डिसेंबरात होती. पन्नास किलोमीटर, सरळ डांबरी रस्त्यानं जायचं आणि त्याच रस्त्यानं परत यायचं. थंडीत आपल्याकडे सकाळचा वारा उगवतीकडून येतो आणि जाताना तो बरोबर छातीवर होता. झेंडा पडला तसा मी पुढं निघालो आणि पुढंच राह्यलो, मागं वळून पाहिलं की दहा-बारा जण माझ्या चाकामागं रांगेनं, डोकं खाली घालून, मला वाटलं यांच्यात दम नाही, यांना पुढं येताच येऊन नाही राह्यलं. पंचवीस किलोमीटर मी तो वारा एकट्यानं फोडला. वळलो, परत निघालो, आणि शेवटचे तीन किलोमीटर राह्यले तेव्हा ते सगळेच्या सगळे माझ्या बाजूनं निघून गेले, जशी बैलगाडीच्या बाजूनं एस्टी जाते तसे. माझा नंबर चौदावा. चहाच्या टपरीवर अमरावतीकडचे एक वयस्कर सायकलवाले भेटले, साठीच्या पुढचे असतील, ते म्हणाले, "भाऊ, तुह्या पायात जोर लय आहे, पण आज तू साऱ्यायसाठी खेळला, सोतासाठी नाही."

त्यांनी मग टपरीवरच्या ओल्या टेबलावर बोटानं रेघा ओढून समजावलं. सपाट रस्त्यावर स्पीड ताशी तीसच्या वर गेली की आपण जो जोर लावतो त्याच्या पाचातले चार हिस्से नुसती हवा बाजूला सारण्यात जातात. आणि हवेचा हिशोब सरळ नाही, स्पीड दुप्पट करायची तर हवेसाठी ताकद आठपट लागते. पण दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागून, हातभर अंतरानं चालवलं तर पाव ते तिसरा हिस्सा मेहनत वाचते. याला ड्राफ्टिंग म्हणतात. म्हणजे माझ्या मागचे ते दहा-बारा जण कमजोर नव्हते, ते शेवटच्या तीन किलोमीटरसाठी पाय राखून ठेवत होते.

हे मला तीन वर्षांत कळलं कसं नाही? कारण मी कधी कोणासोबत चालवलंच नव्हतं. शहरात रविवारी पंधरा-वीस जणांचा ग्रुप निघतो, नवीन पोरगा त्यात आपोआप शिकतो. गावात सायकल चालवणारा एकटा. पहाटे साडेचारला उठायचं, हेडलाइट लावायचा, कुत्री मागं लागतात, आई दारातून म्हणते, "काहून रे बाप्पा, पायटीच कुठं निघाला?" आणि मग रस्ता, मी आणि वारा. एकट्यानं दम वाढतो, जिद्द वाढते, पण वाऱ्याच्या आड कसं राहायचं ते येत नाही.

एकट्यानं लढायच्या रेसही असतात बरं, आणि त्यात आपल्या विदर्भाचं नाव फार मोठं आहे. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिकेतली रेस अक्रॉस अमेरिका एकट्यानं पूर्ण केली, पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत जवळपास ४,८०० किलोमीटर, बारा दिवसांच्या मुदतीच्या आत, आणि तिथं कोणाच्या चाकामागं लपायची परवानगीच नसते. पुढच्याच वर्षी, २०१८ मधे, ते रशियात मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंत ९,१०० किलोमीटर गेले. मी जेव्हा जेव्हा थकतो तेव्हा मला हे आठवतं की हा माणूस आपल्याच ४५ डिग्रीच्या उन्हात तयार झालेला आहे.

आता तयारीचं सांगतो, कारण रेस दीड तासाची असते पण तयारी जूनपासून चालते. जूनमधे पेरणी, तेव्हा सायकलला हात लागत नाही, आणि पावसात आपली काळी माती म्हणजे तुम्हाला माहीतच आहे, पांदणीतून शंभर पावलं सायकल ढकलली की चाक आणि चिमट्याच्या मधे गारा भरतो आणि चाक जाम, सायकल खांद्यावर घेऊन डांबरीपर्यंत जावं लागतं. म्हणून पावसाळ्यात मी घरीच दंड-बैठका मारतो. आपल्या अमरावतीला १९१४ पासून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आहे, दंड-बैठका ही आपल्या मातीतली गोष्ट आहे, त्याला जिम लागत नाही. डवरणी, निंदण, फवारणी सुरूच असते. एक मात्र कळकळीनं सांगतो, फवारणी केली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही मी जोराचा व्यायाम करत नाही, छातीत औषधाचा वास असताना खोल श्वास ओढायचा नसतो.

दसऱ्याच्या आसपास रस्ते सुकले की खरी सुरवात, आणि ती हळू. हे पोरांना पटत नाही. त्यांना वाटतं रोज जीव तोडून चालवलं की रेस जिंकता येते, मी पण दोन वर्षं तेच केलं आणि दर जानेवारीत आजारी पडलो. आठवड्यात पाच दिवस चालवा, त्यातले चार हळू. हळू म्हणजे किती, तर माझ्याकडे छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा नव्हता, मी भजन म्हणायचो, एक कडवं धाप न लागता पूर्ण म्हणता आलं तर स्पीड बरोबर, मधेच श्वास तुटला तर कमी करायची. असं दोन-दोन, तीन-तीन तास चालवलं की स्नायूंमधे बारीक रक्तवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि साखर शेवटच्या जोरासाठी शिल्लक राहते. पाचवा दिवस जोराचा. किलोमीटरचे दगड आहेतच रस्त्यावर, दोन दगड पूर्ण ताकदीनं, एक दगड आरामात, असं सहा वेळा. त्या दिवशी घरी आल्यावर चप्पल घालायला पण वाकवत नाही.

आणि झोप. यावर मी जास्त बोलणार कारण यावर कोणी बोलत नाही. शहरातला सायकलवाला रात्री दहाला झोपतो, आपल्याकडे हरभऱ्याला ओलीत असलं आणि आठवडा रात्रीच्या लाईनचा असला की बारा वाजता मोटर चालू करायला वावरात जावं लागतं, पाणी फोडत बसावं लागतं, घरी यायला चार. आता या माणसानं पाचला सायकल काढायची? मी काढायचो, हट्टानं. मग एक सवय लावून घेतली, उठल्या उठल्या, खाटेवरून पाय खाली ठेवायच्या आधी मनगटाची नाडी मोजायची, पूर्ण एक मिनिट. माझी नेहमी बावन्न-त्रेपन्न असते. तीन रात्री ओलीत झालं की बासष्ट-चौसष्ट निघते, तेव्हा त्या दिवशी जोराचं काही नाही, जमलं तर अर्धा तास हळू, नाहीतर सरळ झोप. ही नाडी फुकट आहे आणि ती खोटं बोलत नाही.

पंक्चरबद्दल पण सांगू द्या. आपल्या इकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात. वाटाण्याएवढा दाणा, टणक, त्याला दोन शिंगं, कसाही पडला तरी एक शिंग वरच. रोड सायकलचा टायर पातळ, शिंग आत गेलं की वरून दिसत नाही, तुम्ही ट्यूब बदलता आणि दहा मिनिटात पुन्हा हवा गायब. बोट फिरवून पाहिलं तर बोटालाच लागतं. यावर उपाय आपल्याच वावरात आहे, फुटलेल्या बोंडातला कापूस घ्यायचा, चिमूटभर, आणि टायरच्या आतून हळूहळू फिरवत न्यायचा. जिथं काटा असेल तिथं कापसाचा एक धागा अडकून ताणल्या जातो. तिथं चिमटा घालून काढायचा. माझ्या खिशात सीझनभर कापसाचा बोळा असतो.

तर दुसरी रेस, २६ जानेवारीच्या निमित्तानं होती. आता मला चाकामागं राहायचं माहीत झालं होतं, पण माहीत असणं आणि येणं यात फरक आहे. मी पुढच्याच्या चाकाकडे टक लावून चालवत होतो, आणि नुसतं मागं नाही, माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला वीतभर आत घुसलेलं. रस्त्यावर खड्डा आला, तो डावीकडे सरकला, चाकाला चाक लागलं, आणि अशा वेळी नेहमी मागचाच पडतो. खांदा, कोपर, मांडी सोलून निघाली. उठल्यावर हेल्मेट काढलं तर त्याला कानावरून मागपर्यंत आरपार भेग होती. ते मी अजून घरी खिळ्याला टांगून ठेवलंय, ते तिथं फुटलं नसतं तर डोकं फुटलं असतं. जखमा वाळायला पंधरा दिवस गेले, आणि त्या पंधरा दिवसात मी ठरवलं की एकट्यानं चालवणं बस झालं, आता माणसं जमवायची.

एक पोरगा पोलीस भरतीची तयारी करून राह्यला होता, सोळाशे मीटर पळायचा. एक जण डेअरीवर दूध घालतो, दोन कॅन लटकवून रोज अठरा किलोमीटर. आणि एक मुलगी, बारावीतली, तिच्याकडे सरकारच्या मानव विकास योजनेतून शाळेत मिळालेली साधी सायकल. तिच्या घरचे आधी नाही म्हणाले. मी त्यांना भंडारा जिल्ह्यातल्या दोन मुलींबद्दल सांगितलं, मयुरी लुटे आणि शुशिकला आगाशे, दोघी २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्समधे भारताकडून ट्रॅक सायकलिंगला उतरल्या, ज्या सायकलला ब्रेकच नसतो त्या सायकलवर. भंडाऱ्याच्या पोरी जाऊ शकतात तर आपली सकाळी रस्त्यावर का नाही? तिच्या वडलांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी ते स्वतः मोटरसायकलवर आमच्या मागं आले, पूर्ण वीस किलोमीटर. त्या दिवसापासून ती येते.

आम्ही चौघं रांगेत चालवायला शिकलो. नजर चाकावर नाही, पुढच्याच्या कमरेवर-पाठीवर ठेवायची. चाक कधीच बाजूला घुसवायचं नाही. पुढचा ओरडणार, "खड्डा, डावीकडे!", आणि हात खाली करून दाखवणार. दोन-दोन मिनिटं प्रत्येकानं पुढं राहायचं आणि मग बाजूला होऊन शेवटी जायचं. वारा समोरून असला तर सरळ मागं, तिरपा असला तर थोडं तिरपं, जिकडून वारा नाही त्या अंगाला. पहिल्या आठवड्यात भीती वाटायची. तिसऱ्या आठवड्यात दूधवाला पुढं असताना मला त्याच्या फ्रीव्हीलचा टिकटिक आवाज ऐकून कळायला लागलं की हा पायडल थांबवतोय.

घाटात मात्र हा सगळा हिशोब बदलतो. परतवाड्यावरून धामणगाव गढीमार्गे चिखलदऱ्याला चढताना स्पीड दहा-बारावर येते, तिथं हवा काही अडवत नाही, तिथं वजन आणि चढ. ज्याचं वजन कमी आणि दम जास्त तो पुढं. पुढं चौतीस दातांचं आणि मागं अठ्ठावीसचं चाक लावून बसायचं आणि पाय एका लयीत फिरवत राहायचे, उभं राहून झटके मारायचे नाही. नोव्हेंबरात मला वर पोचायला सव्वादोन तास लागले होते, मार्चमधे एक तास चाळीस मिनिटं. मोथा गावाच्या अलीकडं एका वळणावर खालची सगळी सपाटी दिसते, तिथं मी थांबत नाही, पण पाहतो नक्की. उजाडायच्या आधी घाटात जाऊ नका, अस्वलं असतात. आणि उतरताना ब्रेक सारखा दाबून ठेवू नका, दाबायचा-सोडायचा, दाबायचा-सोडायचा.

खाण्याचं थोडक्यात. जोरात चालवलं तर दीड-दोन तासात अंगातली साठवलेली साखर संपते आणि मग डोळ्यापुढं अंधारी. भूक लागायची वाट पाहू नका, दर तासाला दोन केळी, नाहीतर खजूर आणि गुळाचे खडे. पाण्यात मीठ-साखर, एका लिटरला सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

शेवटची रेस मार्चमधे, चाळीस किलोमीटर. मी आणि तो भरतीवाला पोरगा, दोघंच उतरलो. अठ्ठावीस किलोमीटरपर्यंत आम्ही दोघं बाकीच्यांच्या आड होतो, पुढं यायची पाळी आली की यायचो, मागं जायचो. शेवटचा पट्टा वाऱ्याच्या तोंडावर होता. मला माहीत होतं की धावायच्या सवयीमुळं शेवटच्या तीनशे मीटरचा झटका त्याच्याकडं आहे, माझ्याकडं नाही. मी त्याला म्हटलं, "माह्या मागं राह्य, काही झालं तरी चाक सोडू नको." आणि चार किलोमीटर मी पुढं राह्यलो. डिसेंबरात जे मी न कळता केलं होतं तेच ठरवून केलं, तोच वारा, तीच छाती. तीनशे मीटरवर मी उजवीकडे सरकलो आणि ओरडलो, "जाय!" तो तिसरा आला. माझा नंबर नववा. पोरगं सायकल टाकून माझ्याकडं धावत आलं आणि त्याला बोलताच येईना, नुसता माझा हात धरून उभा राह्यला.

आता मे चालू आहे, ऊन तुम्ही पाहूनच राह्यले. आम्ही पेरणीपर्यंत हळूच चालवतो, पावणेपाचला निघून सात वाजता घरात. परतवाडा, अचलपूर, अंजनगावकडच्या ज्या पोरापोरींना यायचं असेल त्यांनी यावं, गिअरची सायकल नसली तरी चालेल, हेल्मेट मात्र पाहिजेच. सोबत दोन लिटर पाणी, एक जास्तीची ट्यूब आणि कापसाचा बोळा. पावणेपाच म्हणजे पावणेपाच, आम्ही थांबत नाही, पण मागं राह्यलात तर पहिल्या चौकात वाट पाहतो. नमस्कार.