रोझा पार्क्स गोऱ्यांच्या सीटवर बसल्याच नव्हत्या!

नमस्कार मंडळी! "गोऱ्यांच्या सीटवर बसल्या म्हणूनच अटक झाली ना?" मागच्या व्हिडिओखाली हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आज तेवढ्यावरच बोलूया. रोझा पार्क्स म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या. अलाबामा राज्यातलं माँटगोमेरी शहर, १ डिसेंबर १९५५, सीटवरून उठल्या नाहीत म्हणून बसमध्ये अटक, मग कृष्णवर्णीयांचा शहरातल्या बसवर बहिष्कार, त्याचं नेतृत्व करत मार्टिन ल्यूथर किंग पुढे आले. एवढं तुम्हाला माहीत आहेच.

आता सीट. बसमध्ये जागा ३६. पुढच्या १० गोऱ्यांच्या, मागच्या १० कृष्णवर्णीयांच्या, मधल्या १६ ड्रायव्हरच्या मर्जीवर. रोझाबाई या मधल्या भागात होत्या. पुढचा भाग भरला, एक गोरा माणूस उभा राहिला, तर ड्रायव्हरने चौघांना उठायला सांगितलं. एकासाठी चौघं का? कारण गोऱ्याच्या रांगेत कृष्णवर्णीय चालायचाच नाही, अगदी पॅसेजच्या पलीकडेसुद्धा. तिघं उठले, त्या उठल्या नाहीत.

परत सांगते, त्यांनी कुणाची जागा घेतली नव्हती, त्यांचीच जागा काढून घेतली जात होती. शहराच्या नियमातसुद्धा दुसरी जागा रिकामी नसेल तर उठायची सक्ती नव्हती!

आणि ते "दमलेली म्हातारी", म्हणजे रोझाबाई म्हाताऱ्या होत्या, दमल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, असं सांगतात ते. भाचीच्या शाळेतल्या तक्त्यावरही हेच लिहिलेलं, फार राग आला मला. बाई ४२ वर्षांच्या होत्या, एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचं सचिवपद सांभाळलेल्या. आपण शरीराने दमलो नव्हतो, नमतं घेऊन दमलो होतो, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. 'दमलेली' म्हटलं की त्यांचा निर्णयच पुसला जातो.

क्लॉडेट कोल्विनबद्दल विचारणाऱ्यांनो, बरोबर आहे तुमचं. १५ वर्षांची ती मुलगी त्याच शहरात, त्याच वर्षी मार्चमध्येच उठायला नकार देऊन अटक झाली होती. रोझाबाईंच्या अटकेच्या रात्री बहिष्काराची पत्रकं छापली तीही प्राध्यापिका जो ॲन रॉबिन्सन यांनी. किंग यांचं नाव सगळे घेतात, या बायकांचं कोण घेतं?

बहिष्काराची सुरुवातीची मागणी तरी काय होती? गोऱ्यांनी पुढून बसत यावं, कृष्णवर्णीयांनी मागून, आणि एकदा बसलेल्याला उठवू नये. बघा, पुन्हा तेच, बसलेल्याला उठवू नका! तेवढंही मान्य झालं नाही, म्हणून वेगळी आसनंच रद्द करा, असा दावा कोर्टात गेला. त्यात रोझाबाई वादी नव्हत्या, कोल्विन होती. १३ नोव्हेंबर १९५६ ला सुप्रीम कोर्टात निकाल वादींच्या बाजूने लागला. लोक मात्र कोर्टाचा आदेश माँटगोमेरीत पोहोचेपर्यंत, एकूण ३८१ दिवस, बसमध्ये चढले नाहीत.