जायफळाची बेटं

पुरण शिजतं, गूळ विरघळतो आणि अगदी शेवटी त्यात चिमूटभर जायफळ किसून पडतं. तेवढ्यानं घर दरवळतं.

चारशे वर्षांपूर्वी या दरवळाचं माहेर एकच होतं. आत्ताच्या इंडोनेशियाच्या पूर्व भागातली, बांदा नावाची मूठभर बेटं. मध्ये धुमसणारा ज्वालामुखी, गुनुंग आपी, म्हणजे आगीचा डोंगर. एका टोकाला रून बेट, लांबी जेमतेम तीन किलोमीटर. जायफळाच्या झाडाचं पिवळं फळ पिकलं की उकलतं. आत लालभडक जाळी, ती जायपत्री. जाळीच्या आत कवच, आणि कवचाच्या आत जायफळ. याची झाडं तेव्हा जगात दुसरीकडे कुठेही लागवडीत नव्हती.

बांदाला राजा नव्हता. गावोगावचे मातब्बर, ज्यांना ओरांग काया म्हणत, ते बसून निर्णय घेत. बेटांवर भात पिकत नसे. तांदूळ जावाच्या गलबतांतून यायचा, कापड हिंदुस्थानातून. त्या बदल्यात जायफळ जायचं. जो माल आणेल तो गिऱ्हाईक, अशी शतकानुशतकांची रीत होती.

1510 मध्ये गोवा आणि 1511 मध्ये मलाक्का घेणाऱ्या अल्बुकर्कची जहाजं 1512 मध्ये इथे पोहोचली. पोर्तुगीजांनी जायफळ नेलं, पण बेटांवर राज्य करणं त्यांना जमलं नाही.

मग आले डच. आपल्या जुन्या कागदपत्रांतले वलंदेज. 1602 मध्ये त्यांची ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. तिच्या सनदेतली कलमं नीट ऐका. लोकांच्या भागभांडवलावर चालणाऱ्या या व्यापारी कंपनीला तह करायचा, किल्ले बांधायचा, सैन्य ठेवायचा आणि लढाई करायचा अधिकार होता. शाळेत आपण मसाल्यांची ओढ शिकतो, समुद्रमार्गाचा शोध शिकतो. वसाहतींचं मूळ मला या सनदेत जास्त स्पष्ट दिसतं. मसाला विकत घ्यायला तराजू पुरतो. एकट्यानंच विकत घ्यायचा, तर तोफ लागते.

कंपनीनं काही ओरांग कायांकडून करार करून घेतला, की जायफळ फक्त आम्हालाच विकायचं. सगळ्यांनी तो मान्य केला नव्हता. आणि तो पाळायचा कसा? जावाची गलबतं थांबली तर तांदूळ कुठून येणार? लोक पूर्वीसारखेच सगळ्यांना माल विकत राहिले. कंपनीच्या लेखी हा करारभंग होता. 1609 मध्ये डच सेनानी फेरहूफन किल्ला बांधायला उतरला, तेव्हा बांदाच्या लोकांनी दबा धरून त्याला आणि त्याच्या माणसांना ठार केलं. त्याच्या ताफ्यात कंपनीचा एक तरुण व्यापारी होता, यान पीटरसोन कून.

बारा वर्षांनी, 1621 मध्ये, कून गव्हर्नर जनरल होऊन परतला. सोबत आरमार, दीड हजारांहून जास्त सैनिक आणि भाडोत्री जपानी योद्धे. सर्वांत मोठं बेट पडलं. 8 मे रोजी 44 ओरांग कायांना किल्ल्याजवळ आणलं आणि त्या जपानी योद्ध्यांच्या तलवारींनी त्यांची डोकी उडवली. गावं जाळली. डोंगरात पळालेले भुकेनं मेले. शेकडो माणसं, बायकापोरांसकट, बटाव्हियाला, म्हणजे आत्ताच्या जकार्ताला, नेली. अंदाजे पंधरा हजार वस्तीपैकी हजारभर लोक उरले असावेत.

माणसं संपली, झाडं उभी होती. कंपनीनं बागांचे 68 तुकडे पाडले, ते युरोपीय बागाईतदारांना दिले आणि राबायला दुसऱ्या मुलखांतून गुलाम आणले. वाचलेल्या काही बांदावासीयांनाही तिथेच ठेवलं, कारण जायफळाची निगा त्यांनाच ठाऊक होती. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. बाहेर जाणारं जायफळ चुन्यात बुडवत, म्हणजे ते परमुलखात रुजू नये.

रूनवर इंग्रजांचा दावा होता. 1667 च्या ब्रेडाच्या तहात तो त्यांनी सोडला आणि डचांकडून जिंकलेलं मॅनहॅटन, म्हणजे आत्ताच्या न्यूयॉर्कचा गाभा, त्यांच्याकडेच राहिलं. या बेटांतून मागे रेटलेल्या इंग्रज कंपनीनं आपलं बळ हिंदुस्थानावर लावलं. सुरतेत तिची वखार होतीच, 1668 मध्ये मुंबईही मिळाली.

या मंडळींना आपल्याकडे वेळेवर ओळखणारा माणूस होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात बजावलं, की टोपीकर, म्हणजे हे युरोपीय, सावकारी करतात खरे, पण ते इतर सावकारांसारखे नव्हेत. त्यांच्या पाठीशी राज्य आहे. बांदाच्या ओरांग कायांना हे कळलं, तेव्हा किल्ला उभा राहिला होता.

पुढे इंग्रजांनी बांदा काही काळ ताब्यात घेतलं, रोपं बाहेर नेली आणि जायफळाचा मक्ता मोडला. पेनांग, श्रीलंका, मग ग्रेनाडा. ग्रेनाडाच्या झेंड्यावर आज जायफळ आहे.

आणि 1621 मध्ये होड्यांतून निसटलेले काही लोक? ते काई बेटांवर पोहोचले. तिथल्या एका गावाचं नाव आजही बांदा एली आहे. जी भाषा बांदा बेटांवर आता कुणी बोलत नाही, ती या गावात घराघरांत बोलली जाते.