गादी गेल्यानंतरची स्तोत्रं

श्रोतेहो, नमस्कार.

बायबलातल्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रं आहेत. त्यातलं ९३वं अवघ्या पाच वचनांचं. ‘परमेश्वर राज्य करतो’ ही त्याची पहिली ओळ. ९७वं आणि ९९वं स्तोत्रही याच शब्दांनी सुरू होतं. रविवारच्या उपासनेत ढोलकी-पेटीवर आपण ही स्तोत्रं अशी रंगून गातो, की नवख्याला वाटावं, सगळं ज्यांच्या मनासारखं चाललंय त्यांचीच ही गाणी. पण संग्रहात त्यांना जागा कुठे दिलीय, ते बघा.

संहितेचे पाच भाग आहेत. तिसरा भाग ८९व्या स्तोत्राशी संपतो आणि त्याचा शेवट म्हणजे सरळसरळ गाऱ्हाणं आहे. देवा, इस्राएलच्या दावीद राजाच्या वंशाची गादी टिकवीन असं तू शपथेवर म्हणालास ना? मग त्याचा मुकुट धुळीत कसा गेला? कुठे गेली तुझी ती पूर्वीची दया? या प्रश्नांना त्या स्तोत्रात उत्तर मिळत नाही. इतिहास आपल्याला ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या फौजेनं दावीदाच्या वंशाची राजधानी यरुशलेम जाळली, मंदिर पाडलं. शेवटचा राजा सिद्कीया. त्याच्यादेखत त्याची मुलं मारली आणि मग त्याचे डोळे काढले. दावीदाच्या घराण्याचं चारशे वर्षांचं राज्य संपलं.

एकेक स्तोत्र कोणत्या काळचं, यावर अभ्यासकांचे वाद आहेत, असू देत. संग्रह या क्रमानं लावणारे मात्र गादी गेल्यानंतरचे लोक होते. ८९व्या स्तोत्रापाठोपाठ त्यांनी दावीदाच्या कितीतरी आधीचा पुढारी मोशे, त्याच्या नावाची प्रार्थना ठेवली. मोशेच्या काळी इस्राएलात राजाच नव्हता! आणि थोडं पुढे गेलं की लगेच ‘परमेश्वर राज्य करतो’. राजा नव्हता तेव्हाही देव होता, हे त्यांनी नुसत्या क्रमातून सांगितलं.

नागपूरकरांना हे फार फोड करून सांगायला नको. १८५३ मध्ये तिसरे रघुजीराजे भोसले औरस वारस न ठेवता वारले आणि पुढच्याच वर्षी कंपनी सरकारनं राज्य खालसा केलं. राजवाड्यावरचे हत्ती-घोडे सीताबर्डीवर लिलावात निघाले, जडजवाहीर कलकत्त्याला गेलं. नंतर हे शहर मध्य प्रांताची राजधानी झालं, १९५६ मध्ये तेही गेलं. आता हिवाळी अधिवेशनापुरतं सरकार येतं, संत्री खातं आणि जातं. इथे १४६वं स्तोत्र वाचायला मजा येते, विशेषतः डिसेंबरात. अधिपतींवर भिस्त ठेवू नका, म्हणतं ते. माणसाचा श्वास गेला की त्याच दिवशी त्याचे बेतही गेले.

पुन्हा ९३व्याकडे येऊ. त्यात पूर आहे. नद्यांनी आवाज चढवलाय, लाटा आदळताहेत, आणि त्या गर्जनेहून परमेश्वर बलवान आहे. २०२३च्या सप्टेंबरात नागपुरातला अंबाझरी तलाव ओसंडला आणि रातोरात नागनदीचं पाणी वस्त्यांत शिरलं, ते ज्यांनी पाहिलं त्यांनी हे स्तोत्र जरा नीट वाचावं. तुमच्या घरात पाणी शिरणार नाही, असं ते कुठेच म्हणत नाही. पाणी राजा नाही, एवढंच म्हणतं.

मग या राजाची प्रजा ओळखायची कशावरून? १५व्या स्तोत्रात नेमका हाच प्रश्न आहे : परमेश्वराच्या मंडपात कोण राहील? उत्तरात यज्ञ नाही, उपास नाही. जिभेनं चहाडी न करणारा, लाच न घेणारा, व्याजासाठी पैसा न लावणारा, आणि स्वतःचं नुकसान झालं तरी दिला शब्द न फिरवणारा.

हे शेवटचं कलम काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेत नेऊन बघा. फळं झाडावर असतानाच व्यापारी बाग फिरून जातो. सौदा ठरतो, इसार हातात पडतो, कागद कित्येकदा होतच नाही. तोडा सुरू व्हायच्या आत नागपूरच्या कळमना बाजारात भाव चढतो आणि दुसरा गडी दारात उभा : ‘भाऊ, त्याचा इसार परत करून टाका, मी जास्त देतो.’ भाव पडला तर उलटं होतं, व्यापारी फोनच उचलत नाही. १५वं स्तोत्र दोघांनाही लागू आहे. शेवटचा हिशेब बाजारच करणार असेल, तर शब्द पाळणारा शेतकरी खुळाच म्हणायचा. हिशेब राजा करणार असेल, तरच तो शहाणा. मला विचाराल तर ‘परमेश्वर राज्य करतो’ यावर आपला विश्वास किती, हे भजनात नाही, त्या बागेच्या बांधावर कळतं.

हे सोपं आहे असं स्तोत्रकारही म्हणत नाहीत. ७३वं स्तोत्र ज्याच्या नावावर आहे तो आसाफ त्यात चिडून सांगतो : मी हात स्वच्छ ठेवले ते फुकट; त्या दुष्टांचे डोळे बघा, चरबीनं बाहेर आलेत. पण असं चारचौघांत बोललो असतो तर देवाच्या लेकरांचा घात झाला असता, म्हणून तो मनातच कुढत राहिला. पवित्रस्थानात गेल्यावर त्यांचा शेवट काय, हे त्याला उमगलं. आजच्या आज ते रोडावले, असं मात्र तो लिहीत नाही.

या आठवड्यात ८९ ते ९३ ही पाच स्तोत्रं सलग वाचा, शक्यतो मोठ्यानं. ८९व्याच्या अखेरीस ‘आमेन, आमेन’ येईल. ती तिसरा भाग संपल्याची खूण आहे, गाऱ्हाणं मिटल्याची नव्हे. तिथे पुस्तक ठेवून देऊ नका.

नमस्कार.